फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या डेमोत मारामारी

मंडळी,

आज सकाळी आईच्या गुडघेदुखीसाठी धरमपेठेत फ्रिक्वेन्सी पट्ट्याचा, म्हणजे कंपनांनी दुखणं बरं करतो म्हणून विकतात त्या पट्ट्याचा, डेमो बघायला आईला घेऊन गेलो. विक्रेता आईला पट्टा बांधत असतानाच एक गृहस्थ आत घुसले. त्यांनी कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं.

"माह्या बायकोच्या छातीत दुखत होतं, अन् तू म्हणाला डॉक्टर नको, पट्टा पुरे? आयसीयूत हाय थे!"

विक्रेत्याच्या नाकातून रक्त आलं, तरी ते मारतच होते. मी त्यांना मागून धरलं, तर एक ठोसा मलाही बसला.

शेवटी आई ओरडली, "भाऊ, सोडा त्याले! बायकोजवळ जा!"

ते मटकन खाली बसून रडू लागले. मीच त्यांना रामदासपेठेत, बायको होती त्या दवाखान्यात सोडून आलो.

खरं सांगतो, त्यांना आवरताना मलाही विक्रेत्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. तुम्ही त्या गृहस्थांना आवरलं असतं का?