बोलपाटीतली वाक्यं

लिफ्टवाल्याला लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सोडवायची हौस होती, आणि त्याहून मोठी हौस होती ती त्या लोकांना चार शब्द सुनावायची. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. छत्तीस इमारती त्याच्या देखभालीत होत्या. पण सकाळी निघण्याआधी तासभर आणि संध्याकाळी हातपाय धुतल्यावर तासभर तो 'अडलंय कुठे?' नावाच्या संकेतस्थळावर ठाण मांडून बसायचा. कोणाचा प्रिंटर रुसलेला, कोणाचा पासवर्ड हरवलेला, कोणाच्या फोनची जागा भरलेली, अशी मंडळी तिथे प्रश्न टाकायची आणि लिफ्टवाल्यासारखे हौशी लोक फुकटात उत्तरं द्यायचे. तिथे सगळे टोपणनावानेच वावरायचे. याने 'लिफ्टवाला' घेतलं, आणि पुढे घरातलेही त्याला थट्टेने तेच म्हणू लागले.

तिथला तीन ओळींचा नियम त्याच्याच डोक्यातून निघालेला. मदत हवी असेल तर तीन ओळी लिहायच्या: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. हे न लिहिता कोणी 'काहीच चालत नाही हो, मदत करा' असा टाहो फोडला, की हा बाह्या सरसावून पुढे. "काहीच म्हणजे काय? पंखा चालतोय का? फ्रीज चालतोय का?" त्याच्यापुढचा त्याचा प्रश्न ठरलेला: "प्रत ठेवली होती का?" समोरच्याचं आधीच सगळं पुसलं गेलेलं असायचं, आणि हे महाशय त्याला प्रत ठेवण्याचं महत्त्व पटवत बसायचे. बोलणं शंभर टक्के खरं, पण वेळ अशी की ऐकणाऱ्याला कीबोर्ड फेकून मारावासा वाटावा.

त्याची बायको घरी गणिताची शिकवणी घ्यायची. सहा वर्षांपूर्वी घशाची मोठी शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर महिनाभर ती पाटीवर लिहून बोलत होती आणि हा रोज संध्याकाळी काही उपाय सापडतो का ते शोधत होता. शेवटी त्याला 'बोलपाटी' नावाचं ॲप सापडलं. टॅबवर वाक्य लिहायचं, बटण दाबायचं, की टॅब ते बोलून दाखवतो. खरी गंमत त्याच्या साठवणीत होती. एकदा लिहिलेलं वाक्य साठवून ठेवलं, की पुढच्या वेळी एका बोटात हजर.

बायकोने सहा वर्षांत दोन हजार तीनशेच्या वर वाक्यं साठवली होती. 'उत्तर नको, कृती दाखव.' 'वजाचं चिन्ह काय खाल्लंस?' 'अहो, चप्पल बाहेर.' 'माझ्याशी डोकं लावू नका, आधी भाजी निवडा.' यंत्राचा तो बातम्या वाचल्यासारखा गंभीर सूर आणि त्यातून येणारे हे टोमणे, त्यामुळे शिकवणीतली मुलं हसून लोळायची. ती ओरडायची ती यंत्रातून, पण ओरडा तिचाच असायचा. नव्याने एकेक अक्षर टिपून वाक्य करायला तिला मिनिट लागे, आणि मिनिटभरात भांडण थंड होतं, विनोद शिळा होतो, आणि वर्गातली मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. त्या साठवणीमुळेच ती बोलणाऱ्यांच्या वेगाने बोलू शकत होती.

जुना टॅब मंद झाला म्हणून एका मंगळवारी सकाळी लिफ्टवाल्याने नवा आणला. आपल्यासारख्या साध्या माणसाने तो आधी जुन्या खात्याशी जोडला असता. पण हा पडला हौशी. त्याला आधी स्पीकर तपासायचा होता. त्याने नव्या टॅबवर बोलपाटी टाकलं, एक वाक्य लिहून साठवलं, 'एक दोन तीन, आवाज येतोय का', आणि ते वाजवून बघितलं. आवाज खणखणीत होता. खूश होऊन त्याने बायकोचं खातं जोडलं. पडद्यावर चौकट आली: इथली साठवण आणि खात्यावरची साठवण जुळत नाही, कोणती कायम ठेवायची? खाली दोन बटणं होती. जगाला 'आधी नीट वाचा' असं सांगणाऱ्या या माणसाने ती चौकट वाचलीच नाही. चौकट आली की उडवायची, ही वर्षानुवर्षांची सवय. त्याने वरचं बटण दाबलं, आणि वरचं बटण होतं 'इथली'.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बायको जुन्या टॅबवर दूधवाल्याशी बोलत होती. तिच्या डोळ्यांदेखत वाक्यांची यादी आक्रसत गेली आणि एकच ओळ उरली. ती घाबरून तीच दाबत राहिली. "एक दोन तीन, आवाज येतोय का," टॅब दूधवाल्याला विचारत होता. "एक दोन तीन, आवाज येतोय का."

"येतोय की," दूधवाला म्हणाला.

लिफ्टवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्याला धीर होता, कारण त्याच्याकडे प्रती होत्या, चांगल्या तीन! एक टॅबवर, एक खात्यावर, एक घरच्या कॉम्प्युटरवर. त्याने कॉम्प्युटर उघडला. तिथेही तीच एक ओळ. या तिन्ही जागा एकमेकींशी जोडून ठेवण्याची हुशारी त्याचीच होती, म्हणजे एकीकडे बदल केला की तिन्हीकडे आपोआप व्हावा. तसा तो झाला होता.

त्याने ॲपवाल्यांना पत्र पाठवलं. उत्तर चटकन आलं: आम्ही फक्त ताजी प्रत ठेवतो, आपल्या सहकार्याबद्दल आभार. चार वाजता शिकवणीची मुलं आली. बायको फळ्यावर लिहून शिकवू लागली. तिची पाठ वळली की मुलं कुजबुजायची, आणि ती फिरून डोळे वटारेपर्यंत वर्गाचा रंग बदललेला असायचा. पाच वाजता तिने खडू ठेवला आणि पाटीवर लिहिलं, 'असं चालणार नाही. पुढच्या महिन्यापासून शिकवणी बंद करते.' ती रागावली असती तर लिफ्टवाल्याने सहन केलं असतं, पण पाटीवर रागवायला जागा पुरत नाही.

मग तो 'अडलंय कुठे?'वर गेला, आणि पहिल्यांदाच उत्तर द्यायला नव्हे, तर प्रश्न विचारायला. तीन ओळी लिहिल्या. काय केलं: नवा टॅब जुन्या खात्याला जोडला. काय व्हायला हवं होतं: वाक्यं नव्या टॅबवर यायला हवी होती. काय झालं: ॲपने सगळं पुसून टाकलं.

संकेतस्थळावर आनंदीआनंद झाला. 'पेन्शनर' नावाच्या गृहस्थांनी पहिल्या झटक्यात विचारलं, "प्रत ठेवली होती का?" आणि पुढे हसरे चेहरे लावले. ते त्याने मुकाट्याने गिळलं. मग मात्र सगळे कामाला लागले. कोणी म्हणालं, बाहेर पडून पुन्हा आत जा. कोणी म्हणालं, ॲप काढून परत टाका. बुधवार त्यातच गेला आणि हाती काही लागलं नाही. संध्याकाळी 'नर्सताई' नावाच्या एका बाईंनी शांतपणे लिहिलं, "लिफ्टवालेभाऊ, तुमच्या पहिल्या ओळीत काहीतरी राहिलंय. ॲप विचारल्याशिवाय पुसत नाही. चौकट आली असेल. तुम्ही कोणतं बटण दाबलंत?"

लिफ्टवाल्याने दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. बायको मागे कधी येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही. तिने सगळं वाचलं आणि पाटी त्याच्या नाकासमोर धरली. 'कृती अपुरी. गुण शून्य.'

"अगं, चारचौघांत काय सांगू? वाचलंच नाही म्हणून?" तो म्हणाला.

तिने पाटी हलवलीही नाही.

त्याने लिहिलं. आधी आवाज तपासायला एक वाक्य साठवलं, चौकट न वाचता वरचं बटण दाबलं, चूक ॲपची नाही, माझी आहे. लिहिताना त्याचे कान तापले होते. कोणी हसलं नाही. पेन्शनरांनी तर लिहिलं, "मी मागच्या वर्षी नातवाचे सगळे फोटो असेच घालवले. इथे सांगायची हिंमत झाली नाही, तुम्ही ओरडला असतात." हे वाचून त्याला फार वाईट वाटलं, आणि ते रास्तच होतं.

नर्सताईंचं उत्तर लगेच आलं. "म्हणजे तुम्ही रिकामी साठवण खरी ठरवलीत, आणि जी उपकरणं नेटवर होती ती रिकामी झाली. कालपासून जे नेटवर आलेलंच नाही, असं एखादं उपकरण आहे का? त्यात जुनं सगळं असेल. पण नेट लागलं, की क्षणात जाईल."

आठवलं ते बायकोला. तिचा स्वतःचा जुना फोन, त्यातही बोलपाटी होतं! आठ महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीचा फोन पडला तेव्हा आठवडाभर तिला वापरायला दिला होता. बहिणीने नवा घेतल्यापासून तो तिच्याकडेच बंद पडून होता.

गुरुवारी सकाळी लिफ्टवाल्याने एका इमारतीच्या गच्चीवरून, लिफ्टच्या मशीनच्या खोलीतून, मेहुणीला फोन लावला.

"सापडला हो भाऊजी, कपाटाच्या खणात होता," ती म्हणाली. "अगदी मेलाय. थांबा, चार्जिंगला लावून चालू होतो का बघते."

"लावू नकोस!"

"लावला की."

"काढ! आधी वायर काढ!"

"काढला, काढला! स्फोट होणार होता का?"

"त्याहून वाईट. पडद्यावर काय दिसलं?"

"नुसतं बॅटरीचं चित्र."

त्याचा जीव भांड्यात पडला. पण पुढचा पेच होताच. तो फोन चालू झाला की मेहुणीच्या घरचं वायफाय आपणहून पकडणार. ते बंद करावं तर तिचा नवरा दिवसभर त्यावरच, घरूनच, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. शिवाय शेजाऱ्यांचं वायफायही त्या फोनला ओळखत होतं, कारण मेहुणी त्याच्यावरच मालिका बघायची. मशीनच्या घरघरीत उभा राहून तो विचार करत होता आणि एकदम स्वतःशीच हसला. लिफ्टमध्ये फोन लागत नाही, नेट मिळत नाही, ही तक्रार तो वीस वर्षं रोज ऐकत होता. आणि मेहुणीची इमारत त्याच्याच छत्तिसांतली होती.

दुपारी तो बायकोला घेऊन तिथे गेला. तळमजल्यावर 'काम चालू आहे' ही पाटी लावली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मधे नेऊन किल्लीने थांबवली. चारी बाजूंनी पोलाद. दोघं खाली फतकल मारून बसली. बंद फोनला त्याने खिशातल्या बॅटरीची वायर जोडली आणि वाट बघितली. बायकोने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. दहा मिनिटांनी त्याने फोन चालू केला. वरच्या कोपऱ्यात फुली दिसली, नेट नव्हतं. तरी त्याने आधी विमानाचं चिन्ह दाबून नेटची सगळी दारं बंद केली आणि मगच बोलपाटी उघडलं.

यादी होती. वरून खाली, लांबच लांब यादी. बायकोचं बोट त्याच्याआधी पोचलं. "माझ्याशी डोकं लावू नका, आधी भाजी निवडा," फोन गंभीर आवाजात म्हणाला आणि पोलादाच्या त्या पेटीत ते असं घुमलं की दोघं हसत सुटली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी दार ठोठावलं. "कोणी अडकलंय का हो?"

"नाही, नाही! आमचं अडलं होतं, ते सुटतंय!" तो ओरडला.

साठवण त्याने मेमरी कार्डावर उतरवून घेतली, एकदा नव्हे, दोनदा. घरी येऊन ती नव्या टॅबवर चढवताना आलेली प्रत्येक चौकट मोठ्याने वाचली, आणि बायकोने मान हलवल्याशिवाय एकही बटण दाबलं नाही. एक प्रत कुठेच न जोडता डब्यात घालून कपाटात ठेवली. संकेतस्थळावर सगळी हकिगत लिहिली, आणि खाली पेन्शनरांची माफी मागितली.

पण आठ महिन्यांची वाक्यं गेली होती. फोन मेहुणीच्या खणात बंद पडल्यानंतर बायकोने जे साठवलं, ते त्यात नव्हतंच. दोनशेच्या वर वाक्यं. 'जाऊ द्या,' तिने टिपलं. 'माझी मलाच आठवत नाहीत.'

"मला आठवतात," तो म्हणाला.

तिने भुवया उंचावल्या. शनिवारी सुट्टी होती. सकाळी चहा झाल्यावर तो वही घेऊन टेबलाशी बसला आणि लिहू लागला. 'मोज्यांची जोडी लावा, नाहीतर अनवाणी जा.' 'तिसरं गणित फळ्यावर कोण करणार?' 'तुमच्या त्या अडलेल्या लोकांना सांगा, घरीही एक गिऱ्हाईक आहे.' दुपारपर्यंत पानंच्या पानं भरली. बायको समोर बसून ती लाल पेनाने तपासत होती, एखादा शब्द चुकला असेल तर दुरुस्त करत होती, आणि मधेच त्याच्याकडे नवलाने बघत होती. या माणसाला सगळं ऐकू जात होतं, आणि तिला वाटे की कॉम्प्युटरसमोर बसला की भिंतीशी बोलल्यासारखं आहे.

शेवटच्या पानावर तिचं पेन थांबलं. तिथे लिहिलं होतं: 'घाबरू नका, मी कुठे जात नाही.'

ते तिने एकदाच वाजवलं होतं. पाच महिन्यांपूर्वी तपासणी करून दोघं दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती, अहवाल यायचा होता, आणि रस्त्यावर गाड्यांचा कलकलाट चालला होता. तिने वाजवलं आणि तो पुढे बघून तसाच चालत राहिला. अहवाल पुढे चांगलाच आला, पण आपलं वाक्य गोंगाटात बुडालं असं धरून तिने ते पुन्हा कधी वापरलं नव्हतं. तिने टॅब ओढला आणि एकेक अक्षर टिपलं.

"ऐकलं होतंत? मग उत्तर का नाही दिलंत?"

"घसा दाटला होता," तो म्हणाला. "तोंड उघडलं असतं तर रस्त्यातच रडलो असतो."

तिने वही त्याच्याकडे फिरवली, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा टिपलं, "मग आता द्या."

लिफ्टवाल्याने खाकरून घसा साफ केला. "मीपण कुठे जात नाही," तो म्हणाला. आवाज कापला, पण तिला नीट ऐकू गेला.