माझ्या मापाची सायकल

शशी गेल्याचं मला उल्हासनगरच्या बाजारात कळलं. सायकलची ट्यूब घ्यायला गेलो होतो. ओळखीचा सिंधी दुकानदार खोकी उघडता उघडता म्हणाला, "साहब, सुना क्या? वो आपका दोस्त, डुप्लिकेट सायकलवाला... गया बेचारा. हार्ट अटॅक." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळा बाजार शशिकांतला त्याच नावानं ओळखायचा. पण ते नाव माझ्यामुळे पडलं होतं. या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले, तरी तो शब्द कानातून जात नाही.

आमची ओळख ऐंशीच्या दशकातली. मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीत ऑफिसर, तर तो शेजारच्या फायबरग्लासच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. दोघंही बदलापूरहून सायकलनं कामावर जाणारे. पुढे आमच्यासारखे आणखी काही वेडे जमले आणि रविवारी सकाळी चामटोलीच्या बाजूला फेरी सुरू झाली. मी उंच, शशी बुटका. मी मोजकं बोलणारा, आणि त्याचं तोंड चढावरही बंद नसायचं. "अरे, बोलल्यानं नाही, गप्प बसल्यानं दम लागतो!" असं वर मलाच सुनवायचा. सायकलीतलं मला जास्त कळतं, असं का कोण जाणे, सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

नव्वदनंतर त्यानं नोकरी सोडली आणि उल्हासनगरात एक पत्र्याची शेड घेतली. म्हणे, कार्बन फायबरची, एका हातानं उचलावी इतकी हलकी सायकल करणार. परदेशातून येणारं ते काळं कापड कुठून कुठून मिळवून तो नळ्यांवर गुंडाळायचा, त्यावर रेझिनचा चिकट थर चढवायचा आणि जुन्या लोखंडी कपाटाची भट्टी करून त्यात भाजायचा. त्याच्या डब्यातल्या भाजीलाही रेझिनचा वास यायचा. पहिली फ्रेम त्यानं स्वतःच हातोड्यानं फोडली, का तर आतून कशी झालीय ते बघायचं होतं! दुसरी माझ्यासाठी करायची ठरली. ती माझ्याकडे बघून बाकीचे घेतील, असा त्याचा साधा हिशोब होता. घरी बोलावून मला भिंतीला टेकून उभं केलं, दोन पायांच्या मध्ये लाटणं आडवं धरायला लावलं आणि जमिनीपासून माप घेतलं. स्वयंपाकघरातून सुनंदावहिनी ओरडल्या, "ते लाटणं आता परत आणू नका हं ओट्यावर!" आम्ही पोट धरधरून हसलो.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा होती. हत्यारांना झेंडूची फुलं वाहिलेली, मधोमध ती काळी सायकल, तिच्या हँडलला हार. रविवारची सगळी मंडळी आली होती. कुणीतरी विचारलं, "काय साहेब, कशी वाटते? घ्यायची का आम्ही पण?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बोटानं नळीवर टकटक केलं आणि म्हणालो, "फक्कड आहे! पण उल्हासनगरचा माल बाबा, ओरिजिनल कुठल्या कंपनीचा ते आधी विचारून घ्या!"

शेड हसून हसून दणाणली. आमच्याकडे हा विनोद कधी शिळा होत नाही. अत्तरापासून जीन्सपर्यंत सगळ्याची हुबेहूब नक्कल इथे मिळते. आम्ही ती घेतो, वापरतो आणि वर टिंगलही करतो. इथे एखादी वस्तू पहिल्यांदाच होऊ शकते, हे आमच्या टाळक्यात शिरतच नाही. शशी पेढे वाटत होता. तोही हसला. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "जयंता, कशाचीच नक्कल नाहीये रे ही..."

मला तेव्हाच चारचौघांत सांगता आलं असतं की मी घेतोय. नाही सांगितलं. "बघू, विचार करतो," म्हणालो. खरं सांगू? मला भीती वाटत होती. उतारावर मोडली तर लोक मलाच हसतील, ही भीती. मंडळी पेढा खाऊन निघून गेली. पुन्हा कुणी चौकशीला आलं नाही. माझा विनोद मात्र बाजारभर झाला आणि शशीला 'डुप्लिकेट सायकलवाला' हे नाव चिकटलं. वर्षभरात शशीनं शेड सोडली आणि पुन्हा टाक्यांच्या कारखान्यात लागला. मी भाच्याकडून परदेशी सायकल मागवली. तिचे गिअर लावून द्यायला कोण आलं? शशीच. शिट्टी वाजवत काम करत होता. एका शब्दानं बोलला नाही... बोलला असता तर बरं झालं असतं.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी वहिनींना भेटायला गेलो. ती काळी सायकल हॉलमध्येच होती, दाराजवळच्या भिंतीला टेकलेली. वहिनी म्हणाल्या, "ठाण्याचे एक गृहस्थ दोनदा आले होते मागायला. तुमच्याएवढेच उंच. पण ह्यांनी दिली नाही. म्हणाले, जयंतानं अजून नाही कुठे म्हटलंय?"

मी म्हणालो, "वहिनी, मी नेतो. आजच नेतो. काय असेल ते..."

"नको भाऊजी." त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुम्ही आमची कीव येऊन न्याल. ह्यांना गिऱ्हाईक हवं होतं."

मी मान खाली घालून चहा प्यायलो. उठलो तेव्हा सायकलीनं दाराची वाट अडवलेली होती. वहिनींच्या एका हातात माझा कप होता. दुसऱ्या हातानं त्यांनी ती सायकल अलगद उचलली आणि मला जायला वाट करून दिली.