दाजींच्या बुटाचे काटे

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे मालक. खानापूरकडं त्यांची भातशेती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यातले आम्ही तिघं एप्रिलमध्ये हिमाचलला डोंगर चढायला निघालो, तेव्हा आक्काच म्हणाली, ह्यांनाही ने, आयुष्यात बर्फ बघितला न्हाय. मला नको होतं. दाजी वयानं मोठे, अंगानं जड. पण आक्कापुढं बोलता आलं नाही.

वाटेत मी त्यांना सुखानं चालू दिलं नाही. ते दम खायला थांबले की मित्रांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचो. ते ओशाळून हसायचे आणि उठायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फानं भरलेला, तीव्र उताराचा एक ओढा आडवा आला. बाकी उतारावरचा बर्फ वितळत आला होता, पण इथं सावलीत काचेसारखा कडक होता. वाटाड्यानं प्रत्येकाला बुटावर चढवायचे लोखंडी काटे दिले आणि काही अडलं तर थांबा, मी परत येतो, असं बजावून तो पायऱ्या खणत पुढं गेला. दोघे मित्र त्याच्या मागं गेले. माझ्या काट्यांचा पट्टा चढवतानाच तुटला.

दाजी म्हणाले, थांबूया, तो येईल. मला थांबायचं नव्हतं. मित्र माझ्याआधी वर पोचले असते.

"तुमचे काढा, मला द्या," मी म्हणालो. "जन्मभर चिखलात चालणारा गडी तुम्ही. ह्यात काय भ्यायचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खाली बसले आणि काटे काढून दिले.

मी पलीकडं पोचलो आणि मागं वळलो, तेव्हा ते ओढ्याच्या मधोमध होते. पाय सटकला. ओरडलेसुद्धा नाहीत. घसरत खालच्या दगडांवर आदळले. खरं सांगतो, मला पहिला राग आला, की आता वर जाणं बोंबललं.

गुडघ्याचा चुरा झाला होता. वाटाड्यानं विचारलं, काटे कुठं आहेत? दाजी कण्हत मोडक्या हिंदीत म्हणाले, मीच काढले, टोचत होते.

बेळगावात ऑपरेशन झालं. पाय वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आक्का दाजींवरच तुटून पडली. दिलेली वस्तू पायात घालायची अक्कल नव्हती का, आता रोप लावायला कोण वाकणार, असं बरंच बोलली. दाजी छताकडं बघत पडून होते. मग ती माझ्याकडं वळली.

"तू हुतास न्हवं तिथं? तू का सांगितलं न्हाईस रं?"

"सांगितलंतं की," मी म्हणालो. "ऐकलं न्हाय त्यांनी."

दाजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग आक्काला म्हणाले, "व्हय. सांगत हुता त्यो."