कोरड्या तलावातली सभा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी केजच्या बाजारात भाजी घेत होते. “ताई, हे सकाळी उठलेच नाहीत… डॉक्टर येऊन गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. पिशवी भाजीवाल्याकडेच राहिली आणि मी बीडच्या जीपमध्ये जाऊन बसले. शेजारच्या बाईनं माझा चेहरा पाहून हळूच विचारलं, “कोन गेलं, मावशी?” म्हटलं, मोठा भाऊ. “काय करत व्हते?” मी म्हणाले, “सरकारी खात्यात होता. माशांच्या.” तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखून होते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्यात दादाची नोकरी सांगितली की लोक असेच बघायचे. दादा त्यावर हसायचा. आता त्याच्या वाटचं हसायला कुणी नाही, हे मला त्या जीपमध्येच पहिल्यांदा कळलं.

आम्ही उमापूरचे. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. रविवारी दादा मामाबरोबर गंगेवर गळ घेऊन जायचा आणि मी हट्टानं मागे लागायचे. मामा तंबाखू मळत गप्पा मारायचा, दादा मात्र दोरीवरची नजर हलवायचा नाही. वडील एसटीत कंडक्टर होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्यांनी आम्हा दोघांचा अभ्यास घेतला, आणि दादा तहसीलदार होणार हे त्यांनी मनाशी धरलं होतं. दादानं कोकणातल्या मत्स्य महाविद्यालयाचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, “मासे धरायला कालेज लागतं व्हय?” दादा म्हणाला, “धरायला न्हाई लागत, अण्णा. वाढवायला लागतं.” अण्णांनी त्याला स्वतः स्टँडवर सोडलं. आपल्या डेपोच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली.

शिक्षण झालं आणि त्याला तिकडेच, खाडीकाठच्या संशोधन केंद्रात नोकरी लागली. तिथल्याच एका शिक्षकांची मुलगी आमची वहिनी झाली. लग्नानंतरच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दादानं मला त्याचं खाजण दाखवलं. भरतीचं पाणी आत घेणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी ती खारट गवताची, चिखलाची जमीन पाहून मी नाराज झाले होते. मला लाटा बघायच्या होत्या. “दादा, हे तर नुसतं चिखलाचं रान हाय,” मी म्हणाले. “थांब जरा,” तो म्हणाला. आम्ही बांधावर बसून राहिलो. हळूहळू गवताच्या बुडाशी पाणी चमकायला लागलं. आवाज असा नव्हताच, चिखलातून बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी… आणि त्या पाण्याबरोबर नखाएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं आत आली. शेकड्यांनी. दादानं ओंजळ पाण्यात धरली आणि माझ्यापुढे केली. “बाजारात दिसतो तो मासा समुद्राचा वाटतो आपल्याला. पण तो लहानाचा मोठा होतो इथं. हे गवत गेलं की तोही गेला.” कोणत्या भरतीला कोणती पिल्लं येतात, किती दिवस राहतात, काय खातात, हेच तो वर्षानुवर्षं बघत होता. आणि काम संपलं की त्याच बांधावर गळ टाकून बसायचा. जिताडा लागला तर घरी सण, लहान मासा आला तर पुन्हा पाण्यात. इतका स्वस्थ माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

अण्णा गेले आणि आईनं उमापूर सोडायला साफ नकार दिला, तेव्हा दादानं बीडच्या कार्यालयात बदली मागून घेतली. केंद्रातल्या लोकांना वाटलं, याला काहीतरी शिक्षा झाली आहे. वहिनी खाडीकाठ सोडून आमच्या उन्हात आल्या. दोघांनीही कधी कुरकुर केली नाही, पण पहिल्या उन्हाळ्यात दादा गच्चीवर उभा राहून पश्चिमेकडे बघत राहायचा ते मला आठवतं.

तलवाड्याच्या बाजूला एक लहान तलाव आहे. तिथल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना एकत्र करून दादानं त्यांची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यातलेच सोपानराव चेअरमन झाले. बोटांएवढी कटला-रोहूची पिल्लं, ज्यांना बोटुकली म्हणतात, ती तलावात सोडली तेव्हा दादानं मला मुद्दाम बोलावलं होतं. दोन वर्षं बरी गेली. मग पाऊस हटला. पाणी आटत आटत मधल्या डबक्यात आलं. पहाटे मासे तोंडं वर काढून श्वास घ्यायला लागले. दादा म्हणाला, आत्ताच सगळे काढा. सोपानराव भडकले. “सायेब, तुमीच म्हनलात सोडा, आन आता तुमीच म्हनता काढा. आजून किलोचा बी न्हाई झाला मासा. चार सरी आल्या तर?”

“आणि नाही आल्या तर?” दादा म्हणाला. “मासा मरंल, पाणी सडंल. हेच पाणी गाव पितंय, सोपानराव.”

कुणी जाळं उचलेना. शेवटी दादानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जाळ्याचं एक टोक धरून चिखलात उतरला. काही वेळानं दुसरं टोक सोपानरावांनी धरलं. माल मिळेल त्या भावानं गेला. त्या वर्षी निम्मे सभासद ऊसतोडीला निघून गेले.

पुढच्या वर्षीही तलाव कोरडाच. तरी दादानं संस्थेची वार्षिक सभा बोलावली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून तलावातच, भेगाळलेल्या मातीवर सतरंजी टाकून. शेव-चिवडा दादानं नेला होता, चहा मी आणि वहिनींनी केला. सोपानराव म्हणाले, “पानी न्हाई, मासा न्हाई. मीटिंग कावून मग?” दादा म्हणाला, “पाणी येईलच. त्या दिवशी संस्था जागेवर नसली तर तलाव ठेकेदाराचा होईल, आणि तुम्ही तुमच्याच तलावावर मजूर.” बाकीचे हसत होते, पण सभेच्या वहीत सही एकेकानं केली.

पाणी त्याच्या पुढच्या वर्षी आलं. ठेकेदारही आला, पण संस्था जिवंत होती. तलाव त्यांच्याकडेच राहिला. दादानं मात्र तिथं कधी गळ टाकला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “तो त्यांचा मासा हाय गं.” गळ घेऊन तो आपला गंगेवरच जायचा, उमापूरला.

निवृत्त झाल्यावर पुन्हा खाडीकाठी जाऊन राहायचं त्याचं ठरलं होतं. आधी आईचं आजारपण, मग त्याचे गुडघे, मग हृदय… जाणं राहूनच गेलं.

दादाच्या जलदानविधीला सोपानराव आले होते. आता फार थकलेत. वंदना झाल्यावर ते वहिनींपुढे हात जोडून उभे राहिले. “आमी लई बोललो त्यास्नी,” एवढं म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

एक गोष्ट सांगायची राहिली. इतकी वर्षं बीडमध्ये काढूनही दादाला रोज ठाऊक असायचं की तिकडे या वेळी भरती आहे की ओहोटी. तिथीवरून काढायचा आणि चहा पिता पिता वहिनींना सांगायचा. परवा मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी आम्ही दोघी चहा घेऊन गच्चीवर बसलो. मग मीच विचारलं, “वहिनी, आज काय?”

“अष्टमी,” त्या म्हणाल्या. “पाणी आता भरत आलं असेल. पण अष्टमीला जोर नसतो, खाजणात आतपर्यंत नाही येत.” त्यांनी कप खाली ठेवला आणि पश्चिमेकडे पाहिलं. “पौर्णिमेला येईल.”