भिंगारच्या इटालियन हॉटेलातलं जेवण

मेहताबमावशीला ओळखत नाही असं घर भिंगारच्या जुन्या वस्तीत सापडणं कठीण. माझा जन्म तिच्याच हातावर झाला, माझ्या दोन्ही धाकट्या भावांचाही. उन्हातान्हात छत्री काखेत मारून भराभर चालणारी, रस्त्यात कुणी हाक मारली तर न थांबता उत्तर देणारी अशी ती सगळ्यांच्या लक्षात आहे. पण एकेकाळी या बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची चोरी होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. मला ती हकिकत तिनंच सांगितली, आईशी गप्पा मारायला यायची तेव्हा, तुकड्यातुकड्यांनी.

तिचा नवरा कादर लष्कराच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी घाटात लॉरी कोसळून तो गेला. मूलबाळ नव्हतं. विधवेनं घरात पाळायची इद्दत, चार महिने दहा दिवस, संपल्यावर थोरला भाऊ गनीभाई तिला भिंगारला आपल्या घरी घेऊन आला. गनीभाईचा बर्फाचा धंदा होता. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये बर्फ आणि किराणा तोच पोचवायचा. घर बाजारपेठेत, दुकानाच्या मागं. रस्त्याकडच्या खिडक्या बायकामाणसांसाठी म्हणून कायमच्या लावून टाकलेल्या. मेहताब तेव्हा पंचविशीची होती. भाभी सुरय्या बाळंतपणांनी खंगलेली, त्यामुळं चूल, धुणं, पोरं सगळं मेहताबवर आलं. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ईदला नवी ओढणीही मिळायची. फक्त ती कुठं जाईल, कधी येईल, कुणाशी बोलेल, हे सगळं भाई ठरवायचा.

मधल्या काळात एक दार किलकिलं झालं होतं. सुरय्याच्या तिसऱ्या बाळंतपणाला शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मेहताब तिच्यासोबत तिथं राहिली. तिथली मोठी नर्स रंगुबाई, आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजातली, आवाजानं करडी पण मनानं उघडी बाई. पाणी तापव, कपडे उकळ, बाळंतिणीला धर, असं करताकरता तिनं मेहताबचे हात हेरले. म्हणाली, "तू शिकायला ये. राहायला खोली आहे, जेवण आहे. मी बोलते वरती." मेहताब काही महिने रोज टांग्यानं जाऊन येऊन शिकत राहिली. मग एके दिवशी भाईनं टांगेवाल्याला परत पाठवलं. "आपल्या घरातली बाई परक्यांची घाण काढणार? पुरे झालं." एवढंच.

लढाई संपली आणि गोऱ्या पलटणी हलायला लागल्या. मेस बंद पडू लागल्या, बर्फाला गिऱ्हाईक उरेना. त्याच सुमारास भिंगारमध्ये एक नवं हॉटेल निघालं.

मालक लुईजी नावाचा इटालियन. तो बोटीवरचा स्वयंपाकी. इटली लढाईत उतरली तेव्हा त्याची बोट मुंबईच्या बंदरात होती. शत्रूदेशाचा माणूस म्हणून त्याला पकडलं आणि नगरला तारांच्या कुंपणाआड आणून ठेवलं. इटलीनं हत्यार टाकल्यावर कुंपणाबाहेर पडायची परवानगी मिळाली, पण नगर-भिंगारच्या हद्दीबाहेर जायची नाही. घरी जायला बोट नव्हती. कुणी विचारलं की दोन्ही हात पसरून म्हणायचा, "जहाज नहीं." मग त्यानं कॅम्पाच्या कडेला एक जुना तबेला भाड्यानं घेतला, चुना मारला, टेबलं मांडली आणि समुद्राचे मासे खिलवायला सुरुवात केली. समुद्र कुठं आणि भिंगार कुठं! मासे मुंबईहून बर्फाच्या पेट्यांतून रेल्वेनं यायचे, आणि स्टेशनावरून हॉटेलात आणून नव्या बर्फात ठेवायचं काम गनीभाईकडं होतं. लोक नुसता वास घ्यायला म्हणून त्या रस्त्यानं जायचे.

गनीभाईला धंदा वाढवायचा होता. नेवासा, सोनई, राहुरी, सगळीकडं बर्फ न्यायचा तर लॉरी हवी. सोनईच्या अब्दुलकडं लॉरी होती, मोसंबीची बाग होती आणि बायको वारलेली होती. चार मुलं. वय पन्नाशीकडं झुकलेलं. दोघांची बोलणी कुठून सुरू झाली आणि मेहताबवर कशी येऊन पोचली, हे तिला कुणी सांगितलं नाही. एका शुक्रवारी भाभी भाकरी थापताथापता म्हणाली, "रविवारी दुपारी आपल्याला लुईजीच्या हॉटेलात जेवायला जायचंय. अब्दुलभाई येणार आहेत. तुझ्यासाठी."

"मला विचारणार आहेत का?" मेहताबनं विचारलं.

"विचारलं तर काय सांगणार आहेस?"

"नाही म्हणून सांगणार."

भाभीनं तव्यावरची भाकरी उलटली.

दोन रात्री मेहताब ते वाक्य मनात घोळवत होती. भाईच्या तोंडावर ते म्हणायची तिची छाती नव्हती. पण परका माणूस समोर असेल, लुईजी असेल, तिथं भाईला हात उगारता येणार नाही की ओरडता येणार नाही. तिथंच सांगून टाकायचं.

रविवारी हॉटेल गनीभाईनं फक्त आपल्या माणसांसाठी ठेवायला लावलं होतं. मधोमध चादर टांगलेली. अलीकडं सुरय्या आणि मेहताब, पलीकडं भाई आणि अब्दुल. दारूचा थेंब कशात पडता कामा नये, हे भाईनं लुईजीला आधीच बजावलं होतं. लुईजी घामाघूम होऊन स्वतः वाढत होता. पहिल्यांदा शिंपले आले. पलीकडून अब्दुलचा आवाज आला, "ह्ये आमाला चालत न्हाई बरं का." लुईजीनं ताट उचललं, हसला आणि दुसरं आणलं. टोमॅटो आणि लसणाच्या लालभडक रश्शात माशांचे मोठमोठे तुकडे, आणि सोबत जाड सालीचा पाव. मेहताबनं आयुष्यात समुद्राचा मासा खाल्ला नव्हता. नदीचा खाल्ला असेल तर लहानपणी कधीतरी. भूक तिला नव्हतीच. हातांना काहीतरी काम हवं, म्हणून तिनं एक घास तोंडात टाकला, न चावताच गिळला, आणि काटा घशात आडवा बसला.

सुरुवातीला तिला वाटलं, आवंढा गिळला की जाईल. आवंढा गिळला तर तो आणखी रुतला. खोकावं तर पलीकडं पुरुष बसलेले. तिनं पाणी प्यायलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

पलीकडं बोलणं लॉरीवरून बागेवर आणि बागेवरून घरावर आलं होतं. अब्दुल म्हणाला, "गनीभाई, मी आडमुठा मानूस. लेकरं लहान हायती, घराला बाई पायजे, ह्ये खरं. पन बाईंची काय मर्जी हाय? त्यांच्या तोंडून ऐकलं म्हंजी बरं."

हेच ते. हीच वेळ. मेहताबनं तोंड उघडलं. आवाज निघेना. घशात सुरी फिरवल्यासारखं झालं. तिनं सुरय्याचं मनगट घट्ट धरलं. सुरय्यानं तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि कानाशी कुजबुजली, "घाबरू नकोस गं."

अब्दुल थांबून राहिला होता. त्याचा चमचाही वाजत नव्हता. मेहताब सांगायची, "अल्ला कसम, तो माणूस खरंच वाट बघत होता. आणि मी माशासारखं तोंड उघडत होते, मिटत होते."

"बाईमाणूस काय बोलणार?" भाई हसून म्हणाला. "गप्प आहे म्हणजे राजी आहे. घ्या, तोंड गोड करा."

तोंडातून ओढणीवर रक्ताचा डाग पडला तेव्हा सुरय्याच्या ध्यानात आलं. तिनं मेहताबला मागच्या दारानं अंगणात नेलं, जिथं माशांच्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या. लुईजी धावत आला. त्यानं आधी पावाचा मोठा गोळा गिळायला लावला, काटा हलला नाही. मग स्वयंपाकघरातून माशाचे काटे उपटायचा लांब चिमटा गरम पाण्यात बुडवून आणला. सुरय्यानं चेहरा धरला, लुईजीनं तिचं तोंड उन्हाकडं वळवलं, आणि एका हिसक्यात तो काटा बाहेर काढला. दाभणासारखा, बोटाच्या दोन पेरांएवढा. लुईजी स्वतःच रडवेला झाला होता. छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माफी, माफी."

त्या दोघी आत आल्या तेव्हा पलीकडं सोयरीक पक्की करून मिठी मारून झाली होती. मेहताबनं चादरीजवळ जाऊन "भाई" म्हणायचा प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर आली. भाई म्हणाला, "लाजतेय. चला, टांगा बोलावतो."

आठवडाभर तिला नीट बोलता येईना. पेज आणि कोमट दूध एवढंच पोटात जायचं. आवाज थोडा उघडला तसं तिनं पहिल्यांदा भाभीला सांगितलं, "मला हा निकाह नको." भाभीनं रात्री नवऱ्याच्या कानावर घातलं. सकाळी भाई मेहताबसमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही.

"अब्दुलनं सगळ्यांदेखत विचारलं होतं ना?"

"माझ्या घशात काटा…"

"विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं."

"मग तेव्हा गप्प बसलीस आणि आता नाही म्हणतेस? मी जबान दिली आहे. बाजारात माझी जबान हीच माझी पत आहे."

तो गेला आणि जाताना दुकानाकडचं दार बाहेरून लावून घेतलं. त्या दिवसापासून ते लावलेलंच राहिलं. दिवस मेहंदीचे, शिलाईचे, मसाला कुटायचे. शेजारपाजारच्या बायका येत, मुबारक म्हणत. ती मुबारक घेत असे. मेहताब म्हणायची, "सगळ्यांना वाटायचं मी खूश आहे. कुणाला सांगू? ज्याला सांगावं तो म्हणायचा, तू तर तिथं काही बोलली नाहीस."

एकदा रंगुबाई आली होती. मेहताब बरेच दिवस दिसली नाही म्हणून चौकशीला. दुकानाच्या फळीपाशी तिचा तो करडा आवाज मेहताबनं आतून ऐकला. भाईनं सांगितलं, "ती गावाला गेली आहे." रंगुबाई म्हणाली, "आली की सांगा, खोली अजून रिकामी आहे." मेहताब दाराच्या या बाजूला उभी होती. दारावर थाप मारली असती तर रंगुबाईला ऐकू गेलं असतं. घसा तोवर बरा झाला होता. तरी आवाज निघाला नाही. पावलं दूर गेली तेव्हा ती खाली बसली. तेव्हा काट्याचं निमित्त तरी होतं, आज तेही नव्हतं, याचंच तिला जास्त भय वाटलं.

निकाहाच्या दिवशी अंगणात मांडव होता. सोनईहून अब्दुलची माणसं लॉरीतून आली होती. आतल्या खोलीत मेहताब बायकांच्या घोळक्यात, तोंडावर ओढणी घेऊन बसली. काझीसाहेब म्हातारे, डोळ्यांनी अधू, पण कानानं तिखट. ते दोन साक्षीदार घेऊन पडद्याशी आले. नाव, बापाचं नाव, महरची रक्कम, सगळं म्हणून त्यांनी विचारलं, "कबूल आहे?"

मेहताब गप्प. खोलीत कुणीतरी खुदकन हसलं.

काझीसाहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तेव्हा साक्षीदारांपैकी एक म्हणाला, "गप्प आहे म्हणजे कबूल. चला."

"थांबा," काझीसाहेब म्हणाले. "ही बेवा आहे ना, नवरा वारलेली? कुंवारी मुलगी गप्प राहिली तर तिचं गप्प राहणं मी होकार धरतो. बेवा बाईचं तसं नाही. तिनं आपल्या तोंडानं सांगायला हवं. मी ऐकल्याशिवाय निकाह पढणार नाही."

भाई दारातच होता. म्हणाला, "काझीसाहेब, लाजते ती. मी सांगतो ना."

"तुझा निकाह नाही, गनी. बेटी, बोल. हो असेल तर हो, नसेल तर नाही."

मेहताबला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या गप्प राहण्याला दोन अर्थ असू शकतात, हे तिला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यापलीकडं तो म्हातारा कान लावून उभा होता. तिनं भाभीकडं पाहिलं. सुरय्यानं नजर खाली घातली, पण तिचा हात मेहताबच्या पाठीवर होता आणि तो तिनं काढून घेतला नाही.

"नाही," मेहताब म्हणाली. आवाज घोगरा आला म्हणून परत एकदा म्हणाली, "नाही. मला कबूल नाही."

मग जे व्हायचं ते झालं. बायका ओरडल्या, भाई आत शिरायला निघाला, त्याला माणसांनी धरलं. अब्दुल मांडवातून उठून आला. त्याच्या डोक्याला सेहरा तसाच. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "न्हाई तर न्हाई. मी त्या दिशी इचारलं हुतं. नांदायचं त्यास्नी हाय." त्याची माणसं भांडायला उठली होती, त्यांना त्यानं लॉरीत बसवलं. पुढं त्यानं नेवाशाच्या एका बाईशी निकाह केला, ते चांगले राहिले असं ऐकलं.

भाईनं त्याच दिवशी मेहताबची पेटी रस्त्यावर ठेवली. "आजपासून तू मला मेलीस." ती पेटी उचलून टांग्यात घालून द्यायला कुणी पुढं येईना. शेवटी लुईजीनं हॉटेलाचा हातगाडा आणला. लग्नाच्या जेवणासाठी पाव घेऊन तो तिथं आलेला होता. मेहताब हिरव्या शालूत त्या गाड्यामागं चालत भिंगारहून शहरापर्यंत गेली. लोक दुकानांतून उठून बघत होते. लुईजी गाडा ढकलत राहिला. दवाखान्याच्या फाटकाशी पेटी उतरवून, टोपी काढून तो परत गेला. पुढच्या वर्षी त्याला बोट मिळाली. हॉटेल होतं तिथं आता टायरचं दुकान आहे.

रंगुबाईनं तिला आत घेतलं, शिकवलं. पण मेहताबमावशी म्हणायची, पहिले कित्येक महिने ती खोलीच्या दारात उभी राहून विचारायची, "बाई, मी जरा बाहेर जाऊ का?"

"कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं."

"मग मला काय विचारतेस?"

तरी ती विचारत राहिली. कुणी हो म्हटल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे. मनातलं ते दार उघडायला दवाखान्याचं शिक्षण संपून भिंगारला परत येईपर्यंतचा काळ गेला.

गनीभाई तिच्याशी कधीच बोलला नाही. सुरय्याचं शेवटचं बाळंतपण अडलं तेव्हा त्यानं नोकराला पाठवलं होतं. मेहताब गेली. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. ती हात धुऊन बाहेर आली तेव्हा गनीभाई ओसरीवर पाठ करून बसला होता. तिनं छत्री घेतली आणि त्याच्या बाजूनं रस्त्यावर आली.