बेसमेंटमधली नागवेल

चांगी विमानतळावर ताईने पर्स उघडून दाखवली. नागवेलीचे तुकडे ओल्या कागदात गुंडाळून मोज्यांत दडवले होते, अळूचे चार कंद लोकरी टोपीत. सार्सची साथ नुकतीच ओसरली होती. "पकडलं तर सांगेन, माझा भाऊ झाडांचा डॉक्टर आहे, त्याचंच प्रिस्क्रिप्शन आहे," ती म्हणाली. मी हसलो. काच आमच्यामध्ये आली तरी ती पर्स थोपटून दाखवत होती.

आम्ही नागपूर एकाच वर्षी सोडलं. मी सिंगापूरला, विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करायला; ती भाऊजींबरोबर कॅनडात, हिवाळ्यात उणे तीसपर्यंत जाणाऱ्या एका गावी, बेसमेंटच्या दोन खोल्यांत. त्या खेपेला माझ्याकडे ती आठ दिवस राहून गेली. बेडोकच्या माझ्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये, मी काही न करता नागवेल कठड्यावर चढत होती. ताई रोज सकाळी तिच्याजवळ उभी राहायची. "मला हे तिकडे हवंय," म्हणाली.

पहिल्याच हिवाळ्यात पानं गळू लागली. दर रविवारी कॉलिंग कार्ड घेऊन मी तिला फोन करायचो. मी समजावलं, थंडीपेक्षा हीटरची कोरडी हवा वाईट. सगळ्या कुंड्या छोट्या खोलीत ने. खिडकीला आतून प्लास्टिक लाव, फटी टेपने बंद कर. कुंड्यांखाली ओले खडे ठेव, दिवसातून दोनदा पाणी उकळून वाफ होऊ दे. तिने वहीत लिहून घेतलं. आईचं तिने कधी ऐकलं नाही. माझं मात्र अक्षर न् अक्षर पाळलं.

वेल जगली. अळूला तळहातापेक्षा मोठी पानं आली. मग तिने पलंगही त्या खोलीत नेला. "इथे आपल्या मोरीमागच्या वाफ्यासारखा वास येतो रे. झोप छान लागते." पुढच्या हिवाळ्यात बोलता बोलता ती खोकायला लागली.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतेय की, तुलाच. बरं ऐक, भिंतीवर काळे ठिपके आलेत. पलंगामागे."

"पानांवर आहेत का?"

"नाही, पानं लखलखीत आहेत."

"मग काळजी नको."

खरंच मला हायसं वाटलं होतं. हेच मला अजून समजत नाही.

त्यानंतर प्रत्येक रविवारी खोकला लांबत गेला आणि बोलणं आखूड होत गेलं. आई म्हणायची, "एकदा जाऊन बघून ये बाबा." मार्चमध्ये जातो, म्हणालो. फेब्रुवारीत भाऊजींचा फोन आला, ताई गेली. फुप्फुसं, एवढंच त्यांना सांगता आलं. मग म्हणाले, "डॉक्टर विचारत होते, घरात ओल आहे का. मी म्हटलं, एक खोली आहे. तिच्या भावाला विचारून ठेवलेली."

ते बोलणं टोमणा नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथे पोचलो तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. खिडकीवरचं प्लास्टिक मी ओढून काढलं, खिडकी सताड उघडली. थंडी आत शिरली आणि पानं तासाभरात काळी पडून लोंबली. पलंग सरकवला. मागची भिंत उशीच्या उंचीपर्यंत काळी होती. बोट लावलं तर ओली. कुणी बर्फाच्या गावात आपल्याकडची झाडं जगवत असाल, तर कुंडीआधी भिंत बघा. खिडकी उघडा. झाड गेलं तर जाऊ द्या.

नागपूरला ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "पोरीने बर्फात अळू लावला होता. याने शिकवलं तिला, फोनवरून." लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. मी चहाचे कप गोळा करत राहिलो.

तेव्हापासून दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा ते वाक्य ऐकलं, दोन्ही वेळा गप्प बसलो. सिंगापूरमध्ये मला कुणी काही विचारत नाही. एमआरटी मेट्रोतून जातो, येतो, जेवतो. घर म्हणावं अशी जागा अजूनही एकच आहे, नागपूरची. तिथे आई माझं कौतुक करत बसली आहे, आणि ते थांबवायचं तर तिची मुलगी मला पुन्हा एकदा तिच्याकडून हिरावून न्यावी लागेल. डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. फोनवर आई विचारत होती, "या वेळी जरा निवांत राहशील ना? बोलायला कुणी नाही रे."

"हो," म्हणालो. "बोलायचंच आहे."