राजम्याचं गणित आणि आमचे डायरेक्टर सर

केजीच्या टीचरला किस्से शोधावे लागत नाहीत. एक सांगून होईपर्यंत आणखी तीन तयार! घरी आमचे हे म्हणायचे, "आधी भाजी वाढ, मग सांग."

नव्वदच्या दशकात दिल्लीतलं, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे गल्लोगल्ली इंग्लिश मीडियम शाळा उघडत होत्या. त्यातल्याच एकीत मी लागले. मी गणित शिकवायची ते राजमा, बाटल्यांची झाकणं आणि मणी घेऊन. डायरेक्टर सरांना मात्र वहीभर शंभरपर्यंत आकडे हवे होते. एक दिवस त्यांनी बजावलं, "सैटरडे को पेरेंट्स आएँगे. उनको पसंद आया तो ठीक, वरना ये सारा कबाड़ बाहर!"

माझा त्या कबाडावर फार जीव होता हो.

*

घरी मोजायला म्हणून मी प्रत्येकाला पाच राजमे दिले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी परत आणले, गुड्डूने नाही. त्याची मम्मीच तणतणत आली.

"मैडम, रात को भिगो तो दिए, पर पाँच में क्या बनेगा? हम छह लोग हैं!"

*

मग टेबल वितीने मोजायचं ठरलं. रोहितच्या सहा विती भरल्या, चिमुकल्या सिमरनच्या आठ. जुंपलं भांडण! मी समजावलं, तिचा हात लहान आहे, म्हणून जास्त भरल्या.

रोहितने विचार केला. "तो मैडम, इसके बड़े होने तक रुक जाते हैं."

*

जड-हलकं शिकवायला सी-सॉ होताच. माझी मैत्रीण मिसेस मल्होत्रा उत्साहाने एका टोकाला बसली. दुसऱ्या टोकाला एक-एक मूल चढवत गेलो. चौथं चढलं तेव्हा कुठे मॅडम वर गेल्या. मुलांनी टाळ्या पिटल्या.

मल्होत्रा वरूनच ओरडली, "रुको! स्वेटर उतारकर फिर से गिनो!"

*

आणि शनिवार उजाडला. भिंतीला टेकून पेरेंट्स उभे. मुलं मणी ओवत होती, दोन लाल, एक निळा, पुन्हा दोन लाल. सरांनी बंटीची माळ उचलली. "ये गलत है," म्हणत ते त्या एवढ्याशा खुर्चीत बसले, माळेतले मणी काढले आणि स्वतःच पुन्हा ओवायला लागले. पेरेंट्स ताटकळले. मी खोकले. तेव्हा सर दचकून उठले आणि पेरेंट्सना पसंत पडलं का ते न विचारताच म्हणाले,

"तो पेरेंट्स, मंडे से ये खेल-वेल बंद. ओन्ली कॉपी-पेंसिल!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण आमच्या वर्गात खेळ बंद म्हटलं, की ज्याने त्याने आपापलं सामान उचलायचं असतं. बंटी मण्यांचा डबा घेऊन थेट सरांसमोर उभा राहिला.

"सर, पहले अपना समेटो."

सरांनी हातातल्या माळेकडे पाहिलं, मग डब्यात.

"दो मिनट, बेटा. एक नीला कम पड़ रहा है."